साखरेच्या गाठी : सुटी माळ, रंगीत माळ की पाकीटबंद?

होळी आली की बाजारात गाठींच्या माळा लटकू लागतात आणि पाडव्यापर्यंत तो पंधरवडा त्यांचाच असतो. खानदेशात होळीला हार-कडे, विदर्भ-मराठवाड्यात लेकरांच्या गळ्यात गाठी आणि पाडव्याला गुढीला माळ. सध्या तीन प्रकार हमखास मिळतात: कारागिराकडची सुटी पांढरी, गुलाबी-पिवळी रंगीत आणि सुपरमार्केटातली पाकीटबंद.

सुट्या पांढऱ्या माळेला तोड नाही, मात्र ती ताजी हवी. साखरेत ती जेमतेम भिजेल इतकं पाणी घालून उकळतात, चमचा-दोन चमचे दूध टाकून वर आलेली मळी काढतात आणि गोळीबंद पाक घोटून दोरा ठेवलेल्या लाकडी साच्यात ओततात. खरी मेख पाकात आहे. तो कच्चा राहिला तर गाठ ओलसर राहते, दाबली की दबते. फार पुढे गेला तर साच्यात पोचण्याआधीच कढईत साखर होऊन बसते आणि गाठी भुसभुशीत होतात. पाकात पिळलेलं लिंबू जास्त झालं तर तो नीट जमत नाही आणि दुसऱ्या दिवशी माळेला घाम फुटतो.

घेताना एक गाठ मोडून पाहावी. चांगली गाठ कट्कन तुटते आणि आत बारीक, एकसारखा पांढरा रवा दिसतो. मग माळ दोऱ्याला धरून हलकासा हिसका द्यावा. माळ तुटते ती बहुधा पदकाच्या, म्हणजे माळेच्या मधोमध लोंबणाऱ्या मोठ्या चकतीच्या, वरच्या गाठीपाशी, कारण सगळं वजन तिथेच येतं. दोरा सुतीच हवा. नायलॉनच्या गुळगुळीत दोऱ्याला साखर धरत नाही, गाठी सरकतात. पाकीटबंद माळांची मोठी खोड हीच. शिवाय त्या चपट्या असतात, प्रवासात निम्म्या तुटतात आणि बंद प्लास्टिकमध्ये दमट राहतात. परदेशी पाठवायची असेल तर मात्र पाकिटाला पर्याय नाही. तेव्हा पदक नसलेली, लहान गाठींची घ्यावी आणि कागदात गुंडाळून कडक डब्यात भरावी.

रंगीत माळ दिसते छान, पण गुढीला रेशमी खण किंवा साडी असेल तर ती टाळलेलीच बरी. ओल्या कडुलिंबाच्या डहाळीला टेकली की रंग सुटतो आणि डाग थेट वस्त्रावर. पांढरी माळही वस्त्रावर न टेकवता गडूच्या गळ्यातून बाहेरच्या बाजूला सोडावी. गाठ चिकट होते ती उन्हाने कमी, दमट हवेने जास्त. म्हणून मुंबई-कोकणात माळ आदल्या संध्याकाळी घ्यावी आणि गुढी उभारायच्या वेळीच बांधावी. नागपूरकडे आठ दिवस आधी घेतली तरी बिघडत नाही. ठेवायची ती घट्ट झाकणाच्या डब्यात. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढली की पाणी सुटतं.

आकाराचंही पाहावं. सहा-सात फुटी काठीला मोठ्या पदकाची माळ शोभते. गॅलरीतल्या दोन फुटी गुढीला ती घातली तर गुढी पुढे झुकते. लहान मुलांसाठी हलकी माळ घ्या आणि गाठींवरून बोट फिरवा: साच्याच्या जोडाची कड धारदार राहिली असेल तर मानेला ओरखडे येतात. ही तपासणी जवळपास कुणीच करत नाही.

सूर्यास्ताआधी गुढी उतरवली की गाठी प्रसाद म्हणून वाटतात. उरलेल्या कुटून ठेवाव्यात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्यात चालतात, फक्त दोऱ्याचे धागे निघावेत म्हणून आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्याव्यात. रंगीत गाठी पन्ह्यात घालू नयेत, कैरीचा रंग विचित्र दिसतो.

तिन्हींत पहिली पसंती सुट्या पांढऱ्या माळेला. रंगीत माळ होळीला, मुलांपुरती. आणि गाठी उघड्या टोपलीत ठेवलेल्या किंवा गाड्यांच्या धुळीत टांगलेल्या असतील तर पांढरी असो वा रंगीत, पुढच्या दुकानात जावं.