पाकळ्यांची लॅम्पशेड: फ्यूजन, रायनो की फ्रीकॅड?

पाकळ्यांची लॅम्पशेड संगणकावर काढायला सॉफ्टवेअर निवडण्याआधी एक पाहा: तुमची पाकळी एकाच दिशेने वाकते की दोन्ही? वरून खाली बाक आहे, पण आडवी पट्टी धरली तर ती सरळच आहे, अशी पाकळी कागदासारखी उलगडून सपाट होते. आकाशकंदिलाला कागद वाकवतो तसंच. आडवाही फुगवटा आला की गणित बिनसतं. फुगलेल्या पुरीचा पापुद्रा ताटात सपाट करून बघा, कुठेतरी फाटणारच.

पत्रा, पॉलिप्रॉपिलीन किंवा कार्डशीट लेझरवर कापून घेणार असाल, तर मी फ्यूजनकडे झुकतो. शेड बाजूने दिसते त्या आकाराची एका बाजूची रेघ काढायची, ती आडवी ताणून पृष्ठभाग करायचा, मधल्या अक्षातून जाणाऱ्या दोन प्रतलांनी कडा छाटायच्या आणि वर्तुळाकार पॅटर्नने पाकळीच्या आठ प्रती करायच्या. मापं पॅरामीटर म्हणून, म्हणजे नाव दिलेले बदलता येणारे आकडे म्हणून, भरली असतील, तर गिऱ्हाइकाने "जरा रुंद करा" म्हटल्यावर पुन्हा काढत बसावं लागत नाही. वैयक्तिक वापराचा परवाना मोफत आहे, पण एका वेळी दहाच फाइली संपादनासाठी उघड्या ठेवता येतात आणि तो धंद्यासाठी नाही. दिवाळीत विकायचा विचार असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

पण फ्यूजन मापातली चूक पकडत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीतून मी 300 मिमी व्यासाची तारेची रिंग आणली आणि तिच्या आत बसणारी आठ पाकळ्यांची शेड काढली. त्रिज्या 150 ही मी पाकळीच्या मध्यापर्यंत धरली, तेव्हा रुंदी 2 × 150 × टॅन 22.5°, म्हणजे 124.3 मिमी आली. आत बसवायची तर त्रिज्या कोपऱ्यापर्यंत हवी होती: टॅनच्या जागी साइन, 114.8 मिमी. पाकळीमागे साडेनऊ मिलिमीटर म्हणजे आठांत मिळून 76. शेड रिंगच्या आत जाईना. बाहेरून चढवली तर पाकळ्यांचे मध्य टेकले, पण प्रत्येक कोपऱ्यात 12 मिमी फट राहिली. बल्ब लावला आणि भिंतीवर आठ ठिपके उमटले. घरचे म्हणाले, "छान दिसतंय की!" मी गप्प बसलो.

रायनोची खरी ताकद वक्रांत आहे. मुक्तहस्त वळणं काढा, लॉफ्ट करा (वळणांमधून पृष्ठभाग ताणा), एकदिशी पाकळी अनरोल करा, म्हणजे उलगडून सपाट करा. दुहेरी बाकासाठी स्क्विश हा आदेश आहे. तो पृष्ठभाग सपाट करतो, पण ताणून-आवळून. म्हणून तो कापडाला चालेल, काचेला नाही. काच वाकवून घेणार असाल तर सपाट नकाशा विसरा, साचा लागेल. आकड्यांवरून आकार घडवणारं ग्रासहॉपर रायनो 6 पासून सोबतच येतं: स्लायडर सरकवला की आठाच्या बारा पाकळ्या. रायनोची किंमत मात्र हौशी माणसाच्या खिशाबाहेरची. 90 दिवसांची पूर्ण क्षमतेची चाचणी मिळते. एका शेडपुरतं काम तेवढ्यात उरकतं.

फ्रीकॅड फुकट आहे, विक्रीलाही अट नाही, लिनक्सवरही चालतं. नोव्हेंबर 2024 च्या 1.0 आवृत्तीपासून स्केच (मूळ सपाट रेखाटन) बदलल्यावर पुढचं सगळं कोसळण्याचा जुना त्रास बराच कमी झाला. उलगडण्यासाठी शीट मेटल हे वर्कबेंच (अवजारांचा जोडसंच) वेगळं बसवावं लागतं. वर्तुळाच्या कमानीचा बाक ते नीट उलगडतं, मोकळ्या वळणावर अडखळतं. तुमच्याकडे वेळ असेल आणि पैसे नसतील, तर हेच.

स्केचअप नुसतं चित्र दाखवायला ठीक. त्यात वक्र म्हणजे छोट्या सरळ तुकड्यांची माळ असते, कापायला गेलात की ते तुकडे दिसतात.

कशातही करा, लेझरवाल्याकडे डीएक्सएफ (कापायच्या रेघांची फाइल) देताना एका कडेचं माप कागदावर लिहून द्या. फाइलमधलं एकक वाटेत हरवतं, आणि मिलिमीटरची फाइल इंचांत उघडली तर पाकळी पंचवीस पट मोठी होते.