नामांकन मागे का गेलं, हे काँग्रेस डॉट गव्हवर कळतं का?

३ फेब्रुवारी २००९ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी न्यू हॅम्पशायरचे रिपब्लिकन सिनेटर जड ग्रेग यांचं नाव वाणिज्य मंत्रिपदासाठी जाहीर केलं. १२ फेब्रुवारीला ग्रेग यांनी माघार घेतली. निवेदनात त्यांनी दोन विषय ठळकपणे मांडले: आर्थिक उत्तेजन विधेयक आणि जनगणना. या दोन्हींवर अध्यक्षांशी असलेले मतभेद मिटण्यासारखे नाहीत, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. मंत्रिपदाची नावं मागे जातात ती बहुतेक वेळा वैयक्तिक अडचणींमुळे. ग्रेग यांचं नाव जाहीर झालं त्याच दिवशी टॉम डॅशल आरोग्य मंत्रिपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले, ते थकलेल्या करांमुळे. १९९३ मध्ये ॲटर्नी जनरलपदासाठीचं झोई बेअर्ड यांचं नाव गेलं ते घरकामाला ठेवलेल्या माणसांच्या कागदपत्रांवरून. धोरण पटत नाही म्हणून बाहेर पडणारा उमेदवार क्वचितच दिसतो, आणि म्हणूनच नामांकनांचा, म्हणजे अध्यक्षांनी मंजुरीसाठी सिनेटकडे पाठवलेल्या नावांचा, माग ठेवणाऱ्या सेवेची खरी परीक्षा अशा प्रकरणात होते.

ही सेवा म्हणजे काँग्रेस डॉट गव्ह. लायब्ररी ऑफ काँग्रेस ती चालवते, पैसे लागत नाहीत, शोधण्यासाठी खातंही उघडावं लागत नाही. १९९५ पासून चालू असलेल्या ‘थॉमस’ या जुन्या संकेतस्थळाची जागा घेण्यासाठी ती २०१२ मध्ये चाचणी स्वरूपात आली आणि २०१६ मध्ये थॉमस कायमचं बंद झालं. मत आधीच सांगून टाकतो: नामांकन कधी आलं, कोणत्या समितीकडे गेलं, कुठे अडलं आणि कधी संपलं यासाठी हिच्याइतकी भरवशाची जागा दुसरी नाही. ‘का’ या प्रश्नाला मात्र नामांकनाचं पान उत्तर देत नाही. ते उत्तर याच सेवेच्या दुसऱ्या कोपऱ्यांतून आणि सिनेटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून गोळा करावं लागतं.

शोधपट्टीच्या डाव्या बाजूच्या यादीत ‘नॉमिनेशन्स’ निवडल्याशिवाय काही टंकू नका. ती निवड राहिली की विधेयकांचा ढीग पुढ्यात येतो आणि माणसाला वाटतं, नोंदच नाही. दुसरी पायरी काँग्रेसचा क्रमांक निवडण्याची. प्रत्येक काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसदेचा एक कार्यकाळ, दोन वर्षांची असते. २००९-१० ची १११ वी. चालू काँग्रेसच निवडलेली राहिली तर जुनं काहीच दिसणार नाही. तिसरी गोष्ट नावाची. नोंद अधिकृत पूर्ण नावाने होते, टोपणनावाने नाही. म्हणून आडनाव आणि पद, उदाहरणार्थ ‘सेक्रेटरी ऑफ कॉमर्स’, एवढंच टाकणं चांगलं.

प्रत्येक नामांकनाला ‘पीएन’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि शेवटी डॅश देऊन काँग्रेसचा क्रमांक येतो. हे क्रमांक दर काँग्रेसला नव्याने सुरू होतात. काँग्रेसचा आकडा वगळून नुसता पीएन क्रमांक टिपून ठेवला तर तो पुढे निरुपयोगी ठरतो. नवा अध्यक्ष शपथविधीच्या दिवशी मंत्र्यांची नावं एकाच संदेशात पाठवतो, तेव्हा मूळ क्रमांकाचे पोटभाग पडतात आणि मध्ये आणखी एक आकडा येतो. अशा वेळी मूळ क्रमांकाच्या पानावर न थांबता त्या व्यक्तीच्या पोटभागाच्या पानावर जावं लागतं, कारण घडामोडी तिथे नोंदवल्या जातात. नामांकनाच्या मजकुरात ‘व्हाइस’ हा शब्द दिसला तर तो ‘उप’ या अर्थाने घेऊ नका. त्याचा अर्थ ‘अमुकच्या जागी’ एवढाच, आणि त्यापुढे आधीच्या पदाधिकाऱ्याचं नाव असतं.

आता मुख्य उणीव. ही सेवा मोजते सिनेटच्या दारापासून. अध्यक्षांनी व्यासपीठावर नाव घेतलं, वृत्तपत्रांनी छापलं, उमेदवार सिनेटरांना भेटून आला, तरी लेखी संदेश सिनेटला पोचेपर्यंत इथे काहीच नसतं. बिल रिचर्डसन यांनी ४ जानेवारी २००९ रोजी याच वाणिज्य मंत्रिपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. लिंडा चावेझ यांनी ९ जानेवारी २००१ रोजी कामगार मंत्रिपदासाठीचं नाव मागे घेतलं. मॅट गेट्झ यांनी २१ नोव्हेंबर २०२४ रोजी ॲटर्नी जनरलपदासाठीचं. या तिघांच्याही वेळी नाव सुचवणाऱ्याचा शपथविधी व्हायचा होता, त्यामुळे सिनेटकडे संदेश जाण्याचा प्रश्नच नव्हता. मंत्रिमंडळाच्या घडणीतले हे महत्त्वाचे प्रसंग या सेवेत कोरी जागा म्हणूनच उरतात. ही चूक नाही, सेवेची व्याख्याच तशी आहे. पण ‘अमुक अध्यक्षाची किती नावं परत गेली’ याचा हिशेब फक्त इथल्या आकड्यांवरून मांडणारा हमखास कमी मोजतो.

उलट दिशेलाही घोटाळा होतो. स्थितीच्या चाळणीत ‘विथड्रॉन’ निवडून आलेला आकडा ही माघारींची संख्या नव्हे. मजकुरात चूक राहिली, मुदतीची तारीख बदलली, त्याच व्यक्तीला दुसऱ्या पदावर पाठवायचं ठरलं, तरी आधीचं नामांकन मागे घेऊन नवं पाठवतात. सगळ्यांसाठी शेवटची नोंद एकाच साच्याची असते: ‘रिसीव्ड मेसेज ऑफ विथड्रॉअल ऑफ नॉमिनेशन फ्रॉम द प्रेसिडेंट’. कारणाचा एक शब्दही नसतो. म्हणून प्रत्येक निकालात त्याच नावाने पुढच्या काही दिवसांत दुसरा पीएन क्रमांक आला आहे का, हे पाहावंच लागतं. आणखी एक: नोंदीत दिसणारी तारीख संदेश सिनेटला मिळाल्याची असते, उमेदवाराने जाहीर केल्याची नव्हे. दोन्हींत काही दिवसांचं अंतर पडू शकतं.

‘रिटर्न्ड टू द प्रेसिडेंट’ हा प्रकार पूर्ण वेगळा. सिनेटच्या नियम ३१, परिच्छेद ६ नुसार अधिवेशन संपलं किंवा ३० दिवसांहून मोठी सुट्टी लागली की निकाल न लागलेली नामांकनं आपोआप परत जातात. ती राहू द्यायची तर सर्वसंमती लागते. परत गेलेलं नाव अध्यक्ष पुन्हा पाठवू शकतो आणि तेव्हा नवा क्रमांक मिळतो. प्रत्यक्ष मतदानात पराभव ही तर फार दुर्मीळ गोष्ट. संरक्षण मंत्रिपदासाठीचे जॉन टॉवर ९ मार्च १९८९ रोजी ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडले.

तर मग ग्रेग यांचं प्रकरण कसं शोधायचं? नामांकनांच्या विभागातून नव्हे, कारण तिथे ‘का’ कळत नाही; विधेयकाकडून. १११ व्या काँग्रेसचं एच.आर. १, म्हणजे प्रतिनिधीगृहाचं विधेयक क्रमांक १, उघडा. हेच ते उत्तेजन विधेयक, ७८७ अब्ज डॉलरचं, १७ फेब्रुवारी २००९ रोजी सही होऊन सार्वजनिक कायदा १११-५ बनलेलं. ‘ॲक्शन्स’ या भागात सगळ्या घडामोडी तारखेनुसार आहेत आणि मतदानाच्या ओळींत सिनेटच्या संकेतस्थळावरच्या मतपत्रकाचा दुवा आहे. १० फेब्रुवारीचं मतदान क्रमांक ६१: बाजूने ६१, विरोधात ३७. ग्रेग यांच्या नावापुढे ‘नॉट व्होटिंग’. नाव जाहीर झालेलं असल्यामुळे ते मतदानापासून दूर राहिले होते. दोन दिवसांनी माघार. त्यानंतर १३ फेब्रुवारीचं मतदान क्रमांक ६४: बाजूने ६०, विरोधात ३८. या ३८ मध्ये ग्रेग आहेत. चार दिवसांच्या आत एकाच विधेयकावर आधी गैरहजर आणि मग ‘नाही’. ज्या धोरणाचा पुरस्कार मंत्री म्हणून करावा लागला असता, त्याच्या विरोधात सिनेटर म्हणून नोंदवलेलं हे मत. निवेदन वाचून जे कळतं ते ही दोन मतपत्रकं शेजारी ठेवली की डोळ्यांना दिसतं. या सेवेचं खरं मोल मला इथे जाणवतं.

ही मतपत्रकं वाचताना दोन खाचाखोचा ध्यानात ठेवाव्यात. पहिली बेरजेची. १० तारखेला ६१ आणि ३७ मिळून ९८, अधिक मत न देणारे एक, म्हणजे ९९. शंभरावं कुठे गेलं? मिनेसोटाच्या एका जागेचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. आकडे जुळत नाहीत म्हणून पत्रकालाच दोष देण्याआधी रिकाम्या जागा तपासाव्यात. दुसरी खाच ‘नॉट व्होटिंग’ या शिक्क्याची. १३ तारखेला तोच शिक्का एडवर्ड केनेडी यांच्या नावापुढे आहे, आणि ते आजारपणामुळे आले नव्हते. आजार, प्रवास, हितसंबंधांमुळे अलिप्तता, सगळ्यांना एकच शब्द. कारण हवं असेल तर त्या दिवसाच्या बातम्या किंवा सभागृहातली भाषणं चाळावी लागतात. सिनेटच्या संकेतस्थळावरची मतपत्रकं १९८९ पासूनची आहेत, त्यामुळे टॉवर यांचं मतदानही तिथे नावानिशी सापडतं.

दुसरा मुद्दा, जनगणनेचा, शोधायला जास्त अवघड. जनगणना विभाग वाणिज्य मंत्रालयाखाली येतो. २०१० ची गणना तोंडावर होती, तिच्या आकड्यांवरून प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागा राज्यांत वाटल्या जाणार होत्या, आणि त्या कामात व्हाइट हाउसचा हात किती असावा यावर वाद पेटला होता. इथे ना विधेयक आहे ना मतदान, त्यामुळे शोधपट्टीत टाकायला क्रमांकच नाही. वाट सापडते ती पुढच्या नामांकनांतून. वाणिज्य मंत्रिपदासाठी तिसरं नाव गॅरी लॉक यांचं आलं आणि २४ मार्च २००९ रोजी त्यांना सिनेटची मंजुरी मिळाली. जनगणना विभागाचे संचालक रॉबर्ट ग्रोव्ह्ज यांना १३ जुलै २००९ रोजी. गंमत अशी की लॉक यांचं नाव वाणिज्य समितीकडे गेलं, तर ग्रोव्ह्ज यांचं अंतर्गत सुरक्षा आणि शासकीय कामकाज समितीकडे, पद त्याच मंत्रालयातलं असूनही. समितीची चाळणी लावून शोधणाऱ्याच्या हातून ग्रोव्ह्ज निसटतात. मंत्रालयाच्या नावाने किंवा पदाने शोधलं की सापडतात.

पडताळणीसाठी काँग्रेशनल रेकॉर्ड, म्हणजे सभागृहांच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तांत, याच सेवेत आहे. १९९५ पासूनचे दैनिक अंक वाचता येतात. सिनेटची पानं ‘एस’ने सुरू होतात. त्या दिवसाच्या सिनेट भागाच्या शेवटी नामांकनं, मंजुऱ्या आणि माघारी असे मथळे असतात. घाई असेल तर ‘डी’ने सुरू होणारा डेली डायजेस्ट पुरतो, त्यात त्या दिवशी आलेली आणि मागे घेतलेली नावं एकत्र मिळतात. अध्यक्षांच्या बाजूची कागदपत्रं, म्हणजे भाषणं, निवेदनं आणि सिनेटला पाठवलेल्या नावांच्या याद्या, गव्हइन्फो डॉट गव्हवरच्या अध्यक्षीय दस्तऐवजांच्या दैनिक संकलनात आहेत. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळाच्या दुव्यांवर विसंबू नये. सरकार बदललं की ते संकेतस्थळ रिकामं होतं आणि जुनी पानं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या पत्त्यावर जातात. सिनेटरांच्या स्वतःच्या संकेतस्थळांचं आयुष्य तर त्यांच्या कारकिर्दीइतकंच. ग्रेग यांची मुदत जानेवारी २०११ मध्ये संपली.

आर्थिक हितसंबंधांची माहिती हवी असेल तर शासकीय नीतिमत्ता कार्यालयाकडे जावं. नामांकन सिनेटला पोचल्यापासून पाच दिवसांच्या आत उमेदवाराला २७८ई हा अर्ज भरावा लागतो. धोरणावरून झालेल्या माघारीत या कागदाचा फारसा उपयोग नाही.

चालू नामांकनावर लक्ष ठेवायचं असेल तर मोफत खातं उघडून शोध जतन करावा आणि त्यावर ईमेलची सूचना लावावी. नोंदी साधारण दुसऱ्या दिवशी सकाळी अद्ययावत होतात, त्यामुळे ताज्या बातमीसाठी ही सेवा नाही. सभागृहापुढे आलेली नावं पाहायला सिनेटच्या संकेतस्थळावरचं एक्झिक्युटिव्ह कॅलेंडर बरं पडतं. प्रत्येक नावासमोर पीएन क्रमांक छापलेला असल्यामुळे तिथून इकडे येणं सोपं जातं.

मोठ्या संख्येने नोंदी उतरवून घ्यायच्या असतील तर एपीआय, म्हणजे प्रोग्रामने थेट नोंदी मागवण्याची सोय, आहे. चावी मोफत मिळते, तासाला ५,००० विनंत्यांची मर्यादा आहे. मुद्दाम काही सांगितलं नाही तर एका वेळी २० नोंदी येतात, जास्तीत जास्त २५० मागता येतात. मागणी करताना काँग्रेसचा आणि नामांकनाचा क्रमांक वेगवेगळा द्यावा लागतो. उमेदवारांची नावं मुख्य उत्तरात नसतात, त्यासाठी क्रमवारीचा आकडा जोडून आणखी एक विनंती करावी लागते. घडामोडींसाठी ‘ॲक्शन्स’चा पत्ता वेगळा आहे. माघार शोधताना ‘लेटेस्ट ॲक्शन’च्या मजकुरात ‘विथड्रॉअल’ हा शब्द धरावा. ‘विथड्रॉन’ टाकलं तर संदेशाची ती ओळ जुळतच नाही.