सात महिने ‘नाइन सोल्स’सोबत

गेल्या पावसाळ्यात ‘नाइन सोल्स’ हा व्हिडिओ गेम घेतला, त्याला आता सात महिने होतील. ताओवादी (ताओ हे प्राचीन चिनी तत्त्वज्ञान) दंतकथा, जुन्या ॲनिमेची (जपानी कार्टूनपटांची) आठवण करून देणारी हाताने काढलेली चित्रं आणि तलवारबाजी, एवढ्यावर भाळून घेतला होता. दोनदा पुरा खेळून झालाय, तिसऱ्यांदा अर्ध्यावर आहे.

तैवानच्या रेड कँडल गेम्सने तो मे 2024 मध्ये पीसीवर आणला. स्वतः ते याला ‘ताओपंक’ म्हणतात, म्हणजे ताओवाद आणि सायबरपंक विज्ञानकथा यांची सरमिसळ. काटेकोरपणे पाहिलं तर ही व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रांसोबत वाचत जायची गोष्ट, नव्हे. पण संवाद भरपूर आहेत आणि मोक्याचे प्रसंग कॉमिकच्या चौकटींतून उलगडतात, त्यामुळे वाचायची आवड असणाऱ्यांनी हा चुकवूच नये.

चिनी पुराणकथेत आकाशात एकदम दहा सूर्य उगवतात, पृथ्वी होरपळते आणि धनुर्धर हौ यी त्यातले नऊ पाडतो. गेमच्या चिनी नावाचा अर्थही ‘नऊ सूर्य’ असाच आहे. इथला नायक यी मांजरासारख्या चेहऱ्याच्या जमातीतला वैज्ञानिक, आणि त्याला पाडायचे आहेत ते न्यू कुनलुनचे, म्हणजे गेममधल्या जगाचे, सत्ताधारी. सूर्यामागे धावता धावता तहानेने मेलेला क्वाफू इथे यीचा जुना मित्र म्हणून भेटतो. वनस्पती चाखून चाखून औषधं शोधणारा शेन्नोंग इथेही विषं चाखायला मागतो. मूळ कथा आधी वाचून घ्या, गोडी दुप्पट होते.

लढाईत नुसतं मागे सरकत राहिलात तर निभाव लागत नाही. घाव अंगावर यायच्या नेमक्या क्षणी पॅरी करायची, म्हणजे तो शस्त्राने अडवायचा. जमली तर इजा नाही, वर ‘ची’ (जीवनऊर्जा) साठते. ती खर्चून शत्रूच्या अंगावर तावीज चिकटवायचा आणि फोडायचा. वेळ थोडी चुकली तर मुका मार बसतो. तो हळूहळू भरून येतो, पण मध्येच खरा घाव बसला की गेलाच.

लेडी इथीरियल या बॉसपाशी (टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपाशी) मी नऊ दिवस अडकलो होतो. तिच्या भासमय जगातली फुलपाखरं पाहून ताओवादी तत्त्वज्ञ च्वांग-त्झू आठवतो. आपण फुलपाखरू झालो असं स्वप्न त्याला पडलं, आणि जागा झाल्यावर आपण माणूस की फुलपाखरू हेच त्याला कळेना. रोज रात्री जेवणानंतर बसायचो आणि घाई करून हरायचो. एका रात्री ठरवलं, आज वार करायचाच नाही, फक्त अडवायचं. वीसेक मिनिटांत तिची लय हातात बसली. समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवायचा, हे ताओवादाबद्दल वाचताना डोक्याला पटलं होतं. अंगठ्याला ते त्या रात्री कळलं.

नकाशा मात्र गोंधळात टाकतो, आणि शेवटचा बॉस पहिल्या फेरीत मला अवाजवी कठीण वाटला. रक्तपातही बराच आहे, लहान मुलांसमोर खेळू नका.

माझ्या धाकट्या बहिणीला लढाई नको होती, गोष्ट हवी होती. तिने स्टोरी मोड लावला. त्यात आपण किती मार द्यायचा आणि आपल्याला किती लागावा, दोन्ही ठरवता येतं. शेवट तिने माझ्याआधी गाठला. यीची बहीण हेंग ताओ मानणारी आहे, मरण हा निसर्गाचाच भाग म्हणून स्वीकारणारी. यीचा भरवसा विज्ञानावर, तो हार मानायला तयार नाही. आम्हा दोघांत यावरून कडाक्याचे वाद झाले. ती ठामपणे हेंगच्या बाजूने. मी आधी यीच्या बाजूने होतो, आता तितकासा नाही.

त्याला कारण शुआनशुआन. यीला जीवदान देणारा हा माणसाचा पोर. वाटेत सापडलेलं एखादं बी, जुनी स्वरलिपी असं काहीबाही त्याला आणून द्यायचं, आणि तो त्याचं काय करतो ते पाहायचं. पहिल्या फेरीत या भेटी मी भरभर उरकल्या. या वेळी बी हाती लागलं की बॉसच्या दारातूनही मागे फिरतो, आधी ते त्याला नेऊन देतो.