दिसतं की नाही? टेबलटॉप वॉरगेममधल्या लाइन ऑफ साइटच्या तीन पद्धती

टेबलावर मांडायचं टेरेन (इमारती, टेकड्या, झाडं) विकत घेण्याआधी किंवा बनवायला बसण्याआधी आपला खेळ लाइन ऑफ साइट, म्हणजे कुठल्या मॉडेलला कोण दिसतं ती नजर, कशी मोजतो ते पाहून घ्या. तीच पडकी इमारत एका नियमात पूर्ण आडोसा देते, तर दुसऱ्या नियमात तिच्या खिडकीतून अख्ख्या स्क्वॉडवर (तुकडीवर) गोळीबार होतो. खाली 28 ते 32 मिमी मापाच्या मिनिएचरचा, म्हणजे खेळातल्या छोट्या मॉडेलचा, विचार केला आहे.

प्रत्यक्ष नजर

मॉडेलच्या मागे वाकून बघायचं. दिसलं तर दिसलं. वॉरहॅमर 40,000 या वॉरगेमच्या 2008 मधल्या पाचव्या आणि 2017 मधल्या आठव्या आवृत्तीचा पाया हाच. शिकायला सोपी, टेकड्या आणि मजल्यांवर उत्तम, कारण उंचीचा फायदा आपोआप मिळतो.

अडचण टेरेनमध्येच असते. प्लॅस्टिकच्या तयार इमारतींना खिडक्या आणि भगदाडं भरपूर. मॉडेलच्या कुठल्याही भागातून समोरच्याचा कुठलाही भाग दिसला की पुरे, असा नियम असेल तर उगारलेली तलवार किंवा टँकची अँटेनासुद्धा घात करते. गुडघ्यावर बसलेलं मॉडेल मात्र फुकटात लपतं. म्हणून ही पद्धत घ्यायची तर भिंती भरीव हव्यात: उभ्या पायदळासाठी साधारण 2 इंच, मोठ्या वॉकरसाठी (पायांवर चालणाऱ्या यंत्रासाठी) 4 ते 5 इंच. खिडक्यांना आतून काळा कार्डपेपर चिकटवा, नाहीतर ‘तळमजल्याच्या खिडक्या बंद’ असं आधीच ठरवा. स्पर्धांमध्ये हा ठराव सर्रास चालतो.

बेसप्लेटची पद्धत

नव्या गटाने इथून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. इथे भिंतींना फारसं महत्त्व नाही. त्यांच्याखालच्या पाटीची, म्हणजे बेसप्लेटची, कड महत्त्वाची. 40,000 च्या नवव्या आवृत्तीत (2020) किमान 5 इंच उंच अवशेषांना (पडक्या इमारतींना) नजर अडवण्याचा गुण देता येई. दहाव्या आवृत्तीत (2023) अवशेषांसाठी उंचीची ती अट राहिली नाही. अवशेषाच्या पलीकडचं दिसत नाही, आतलं नेहमीप्रमाणे दिसतं, आणि संपूर्णपणे आत असलेलं मॉडेल बाहेर नेहमीप्रमाणे बघू शकतं. विमानांना अपवाद आहे.

‘संपूर्णपणे’ या शब्दावर नवखे खेळाडू हमखास फसतात. टँकचं फक्त नाक पाटीवर सरकवलं, की तो अवशेषाच्या ‘आत’ आला आणि पलीकडच्या शत्रूला दिसू लागला. पण तो पूर्ण आत नसल्याने अवशेषातून पलीकडे गोळी मात्र झाडू शकत नाही. एकतर पूर्ण आत जा, नाहीतर पाटीला न शिवता मागे थांबा.

जंगल वेगळं. दहाव्या आवृत्तीत ते नजर अडवत नाही. त्यातून दिसणारं मॉडेल ‘पूर्ण दिसत नाही’ एवढंच, म्हणजे कव्हर (आडोसा) मिळतं आणि सेव्हला, म्हणजे वार चुकवायच्या फाशाला, 1 ची भर पडते. मूळ सेव्ह 3+ किंवा त्याहून चांगला असेल, तर एपी (चिलखत भेदण्याची ताकद) 0 च्या हल्ल्याविरुद्ध तीही नाही. त्यामुळे फक्त झाडं मांडलेल्या टेबलावर पहिल्याच फेरीत अर्धं सैन्य उडतं.

पाटी 3 मिमी एमडीएफची किंवा 5 मिमी सनबोर्डची कापा. कड स्पष्ट रंगवा आणि दगडविटांचा ढिगारा कडेबाहेर चिकटवू नका, नाहीतर पाटी कुठे संपते यावर वाद होतो. झाडं सुटी ठेवा, म्हणजे मॉडेल आत ठेवताना उचलता येतात.

सिल्हूट आणि उंचीचे आकडे

कमी मॉडेलच्या, अटीतटीच्या खेळाला सिल्हूट उत्तम. इन्फिनिटी या खेळात प्रत्येक मॉडेल एका ठरावीक आकाराचा नळकांडा समजलं जातं. त्याचा 3 × 3 मिमी एवढा भाग दिसला तरी गोळी झाडता येते. पोज कशीही असो, बदललेलं मॉडेल असो, माप तेच. ठरलेल्या मापाचे कार्डशीटचे नळकांडे बनवून ठेवा आणि शंका आली की मॉडेल उचलून तिथे उभे करा. इथे छोटे पिंप, खोकी, कठडे यांना खरी किंमत येते. मात्र दोन्हीकडे साठ-साठ मॉडेल असतील तर ही मोजणी जीव काढते. मोठ्या रांगांच्या युद्धांत किंग्ज ऑफ वॉर या खेळासारखे उंचीचे आकडे बरे: तिथे पायदळ 2, घोडदळ 3, आणि नजर युनिटच्या पुढच्या बाजूच्या मध्यातून.

घरी पुठ्ठ्याची बंद खोकी आणि पुस्तकंच असतील, तर प्रत्यक्ष नजर चालेल. खिडक्यांचे अवशेष घेतले असतील, तर बेसप्लेट. प्रत्येकी 10 ते 15 मॉडेल असतील, तर सिल्हूट.

पद्धत कुठलीही असो, 44 × 60 इंचांच्या टेबलावर मांडणी झाली की एका डिप्लॉयमेंट झोनमधून (सुरुवातीला सैन्य मांडायच्या पट्ट्यातून) दुसऱ्याकडे जमिनीलगत लेझर पॉइंटर फिरवा, डोळ्यांच्या पातळीला न येऊ देता. दोन पाट्यांमधल्या 1 सेंमी फटीतूनही किरण आरपार जातो, आणि त्याच मार्गाने पहिल्या फेरीची तोफही. फट दिसली की पाट्या एकमेकींना भिडवा किंवा मागे तिसरी तिरकी ठेवा.