पान निळे पडले: फ्लॅटबेडसाठीच्या स्वस्त यूव्ही शाईचा १४ महिन्यांचा अनुभव

इंदूरच्या राजेंद्रनगरातील एका मराठी भोजनालयाची ४ बाय १० फुटांची पाटी आम्ही गेल्या वर्षी मार्चमध्ये फ्लॅटबेडवर (सपाट शीटवर थेट छापणाऱ्या यंत्रावर) एसीपी शीटवर, म्हणजे दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या शीटवर, छापून बसवून दिली. केशरी पट्टा, त्यावर काळी अक्षरे आणि उजव्या कोपऱ्यात केळीचे पान, असे साधे काम होते. यंदा मे महिन्यात मालकीणबाईंचा फोन आला. "अहो भाऊ, पान निळं पडलंय. गिऱ्हाईकं विचारतात, काकू, जेवण वाढता की विष?" शिडी लावून कडेची ॲल्युमिनियमची पट्टी काढली, तेव्हा तिच्याखाली बोटभर रुंदीचा मूळ केशरी रंग जसाच्या तसा होता आणि त्याला लागूनच उघड्यावरचा भाग फिकट गुलाबी झालेला होता. काळी अक्षरे मात्र काल छापल्यासारखी दिसत होती.

ज्या शाईने ही पाटी छापली, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. ती यंत्राच्या मूळ कंपनीची नसून 'कॉम्पॅटिबल' म्हणून मिळणारी आहे, आणि विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिचे गुण आधी सांगणे न्याय्य ठरेल. वर्षभरात हेडचे नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रे, तिच्यामुळे कधी अडले नाहीत, रंगांचे प्रोफाइल थोड्याशा फेरफाराने जुळले, आणि नीट पुसून घेतलेल्या एसीपीवर तिची पकड इतकी चांगली होती की काप देऊन चिकटपट्टी ओढली तरी शाई सुटली नाही. बाहेरच्या कामाविषयी विचारले तेव्हा विक्रेत्याने "भिया, दो साल आँख मूँदके लगाओ" असे सांगितले होते आणि मी ते मानले, ही चूक माझी.

आमच्या धंद्यात एक गैरसमज पक्का बसला आहे, आणि गिऱ्हाइकांपेक्षा तो आम्हा छापणाऱ्यांमध्येच जास्त आहे. शाईच्या नावातील 'यूव्ही' (अतिनील) हा शब्द ती कशी वाळते ते सांगतो, उन्हात किती टिकते ते नव्हे. यंत्रातील एलईडी दिव्याच्या साधारण ३९५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने शाईतील द्रव घटक एकमेकांना जोडले जाऊन घट्ट थर तयार होतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. तो थर कितीही चिवट असला तरी त्यात अडकलेले रंगद्रव्य उन्हाला दाद देईल की नाही, हे त्या रंगद्रव्याच्या जातीवर ठरते. निळ्यासाठी वापरले जाणारे थॅलोसायनिन आणि काळ्यातील कार्बन ब्लॅक ही दोन्ही उन्हाला पुरून उरतात, त्यामुळे स्वस्त शाईतही ती सहसा दगा देत नाहीत. पैसे वाचवले जातात ते पिवळ्यात, आणि काही वेळा किरमिजीतही. हिरव्यातून पिवळा उडाला की निळा उरतो, केशरीतून उडाला की गुलाबी उरतो. पानाचे कोडे इतके सरळ होते.

तरीही दोष क्युअरिंगचा, म्हणजे दिव्याखाली शाई घट्ट होण्याचा, असेल अशी शंका मला होती, कारण दिव्याची काच मळली किंवा दिवा मंदावला तर शाई आतून कच्ची राहते आणि असा थर उन्हापावसात लवकर भुकटतो. म्हणून पाटीवर ओले पांढरे फडके जोर देऊन फिरवले. फडक्याला भुकटी लागली नाही. थर शाबूत होता, रंग मात्र गेला होता. पुढे खात्रीसाठी एसीपीच्या तुकड्यांवर चारही रंगांचे गडद व फिके चौकोन छापून, निम्म्या भागावर ॲल्युमिनियमची फॉइल लावून, ते गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून ठेवले. तीन महिन्यांनी फॉइल काढली, तेव्हा फिका पिवळा चौकोन शोधावा लागला, गडद पिवळ्यात कडेची रेघ स्पष्ट दिसत होती, किरमिजीत ती बारकाईने पाहिल्यावर दिसली, आणि निळ्या-काळ्यात अजिबात नव्हती.

आता हिशेब. मूळ शाईच्या तुलनेत ही लिटरमागे मला १,४०० रुपयांनी स्वस्त पडली. एका चौरस मीटरला साधारण १० मिलिलिटर शाई धरली, तर ४० चौरस फुटांच्या त्या पाटीला सुमारे ३७ मिलिलिटर लागली, म्हणजे माझी बचत झाली ५२ रुपयांची. पाटी उतरवणे, नवी शीट, पुन्हा छपाई, दोन माणसांची मजुरी आणि काकूंची नाराजी यांचा आकडा मी येथे लिहीत नाही.

विक्रेत्याकडे माहितीपत्रक मागितले, तर त्यावर 'ब्लू वूल ७-८' असा एकच आकडा होता, आणि तो कोणत्या रंगाचा, हे कुठेही लिहिलेले नव्हते. रंग उजेडात किती टिकतो हे सांगणारी ही मोजपट्टी १ ते ८ (सर्वांत टिकाऊ) अशी असते आणि चारही रंगांचे आकडे वेगळे मागायला हवेत. पिवळ्याचे रंगद्रव्य कोणते, हेही विचारावे, कारण डायअरिलाइड गटातील पिवळे बाहेरच्या कामाला चालत नाहीत. शिवाय टिकाऊपणाची वर्षे बऱ्याचदा मध्य युरोपातील उभ्या पाटीला धरून दिलेली असतात. राजेंद्रनगरातील पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीशी त्यांचा फारसा संबंध नाही. यंत्रातूनच वार्निशचा थर द्यावा, असेही विक्रेत्याने सुचवले. त्याने चकाकी येते, पण अतिनील किरण शोषणारे घटक त्या वार्निशमध्ये भरपूर घालता येत नाहीत, कारण मग ते स्वतःच दिव्याखाली नीट वाळणार नाही. त्यापेक्षा वरून लावलेली, किरण अडवणारी लॅमिनेशन फिल्म बरी.

आतल्या कामासाठी, म्हणजे मेन्यूबोर्ड, दारावरच्या पाट्या आणि स्मृतिचिन्हे यांसाठी, ही शाई मी आजही वापरतो आणि पाचपैकी चार गुण देतो. बाहेरच्या कामासाठी एकच, तोही काळ्या रंगाला. उरलेल्या बाटल्यांवर मार्करने 'फक्त आत' असे लिहून ठेवले आहे. काकूंची पाटी मूळ शाईने छापून, वर फिल्म लावून पुन्हा बसवली, आणि केळीचे पान या वेळी हिरव्या कास्ट विनाइलमधून (बाहेर टिकणाऱ्या रंगीत चिकट फिल्ममधून) कापून चिकटवले.