हेम्पच्या पेयाची चाचणी: जीभ, रंगाचं किट, एचपीएलसी की मास स्पेक?

कुपवाड एमआयडीसीत किंवा साताऱ्याकडे हेम्प सीडचं (भांगेच्या झाडाच्या बियांचं) दूध, थंडाई असं काही काढायचा बेत असेल, तर होमोजिनायझरच्या कोटेशनआधी टीएचसीची (त्या झाडातल्या नशा आणणाऱ्या घटकाची) चाचणी कोणती करून घ्यायची ते ठरवा. एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळी कामं चालतात आणि त्यांतली बहुतेक तुमच्या उपयोगाची नाहीत.

कॅनडात नशेचं पेय कायदेशीर आहे आणि एका डब्यात टीएचसी १० मिलीग्रॅमपर्यंत चालतं. ३५५ मिलीचा कॅन धरला, तर लिटरला साधारण २८ मिलीग्रॅम. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात चरस, गांजा आणि त्यांपासून केलेलं पेय बंदीत येतं. बिया आणि शेंड्यांशिवायची पानं गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत, पण पानांच्या भांगेवर राज्याचा दारूबंदी कायदा लागू होतो. खाद्यपदार्थ म्हणून मोकळं राहतं ते बी. त्याच्या पेयाला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोला ०.२ मिलीग्रॅम, म्हणजे ०.२ पीपीएम. कॅनडाच्या कॅनपेक्षा जवळजवळ १४० पट कमी. तिकडे ‘किती आहे’ ते मोजतात. इथे ‘जवळपास नाहीच’ हे दाखवायचं असतं. पद्धत निवडताना हाच फरक आधी बघायचा.

जिभेचं काम वेगळं. चवीवरून नशेचा जोर कळतो हा समज काढून टाका. कडवटपणा बऱ्याचदा इमल्सिफायरचा (तेल-पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थाचा) किंवा टर्पीनचा (झाडातल्या वासाच्या द्रव्याचा) असतो आणि साखर, वेलची, बडीशेप त्याला सहज झाकतात. तिकडे पिऊन अंदाज घेणारेही फसतात: नॅनो-इमल्शनचं (तेल अतिसूक्ष्म थेंबांत मिसळलेलं) पेय १५-३० मिनिटांत जाणवतं, साध्या तेलातलं चढायला दोन तासही लागतात. तोवर माणूस दुसरा ग्लास मागवून बसलेला असतो. सीडच्या पेयात मात्र जीभ एक गोष्ट मशीनआधी पकडते, ती म्हणजे खवट तेल. बॅच बदलल्याचा फरक कळतो का हे बघायचं असेल, तर ट्रँगल टेस्ट लावा: तीन कप, दोन सारखे, एक वेगळा. १२ जणांपैकी किमान ८ जणांनी वेगळा कप ओळखला, तरच फरक खरा धरायचा. ७ जणांनी ओळखला तर अजून योगायोगच समजा.

रंगाची किटं स्वस्त आणि झटपट. फास्ट ब्लू बी हे रसायन टीएचसीला लाल रंग देतं, त्याच झाडातल्या सीबीडीला नारिंगी, सीबीएनला जांभळट. ड्युक्वेनॉइस-लेव्हिन या दुसऱ्या रंगचाचणीत क्लोरोफॉर्मच्या थरात जांभळा रंग उतरतो, पण काही मसाले आणि वनस्पतींचे अर्कही तसाच रंग दाखवू शकतात. पोलिसांच्या प्राथमिक तपासाला ठीक. केशर-हळद घातलेल्या दुधावर ०.२ पीपीएमसाठी वापरणं म्हणजे पैसे वाया.

आता एचपीएलसी, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. सांगलीच्या हळदीचं कुरकुमिन मोजून घेतलेल्यांना हे यंत्र परकं नाही. सी-१८ कॉलम, अ‍ॅसिटोनायट्राइल आणि पाणी, थोडं फॉर्मिक अ‍ॅसिड, डिटेक्टर २२० नॅनोमीटरच्या आसपास. टीएचसी आणि टीएचसीए (तापल्यावर टीएचसी होणारं त्याचं आम्लरूप) वेगवेगळे दिसतात, हा मोठा फायदा. एकूण टीएचसी काढताना टीएचसीएला ०.८७७ ने गुणायचं, कारण तापल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि रेणूचं वजन घटतं. समजा लिटरला टीएचसी २५ आणि टीएचसीए २ मिलीग्रॅम आलं: २५ + १.७५ = २६.७५, ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ९.५ मिलीग्रॅम. दहाच्या लेबलला हे उत्तम. पण ०.२ पीपीएमचा नमुना काढताना दहापट पातळ झाला, की मिलीलिटरला ०.०२ मायक्रोग्रॅम उरतो. यूव्ही डिटेक्टरवर तो गोंगाटात बुडतो.

गॅस क्रोमॅटोग्राफी (नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करायची पद्धत) इथे मागे पडते. पेय थेट टाकता येत नाही, आधी हेक्झेनसारख्या द्रावकात काढावं लागतं. इंजेक्टरच्या २५० अंशांवर टीएचसीएचं टीएचसी होतं, तेही पूर्ण नाही, म्हणून डेरिव्हटायझेशन (उष्णतेत टिकावं म्हणून आधी केलेला रासायनिक बदल) लागतं. ते नीट केलं आणि पुढे मास स्पेक (रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) असलं, तर चालते.

सीडच्या पेयाला सरळ एलसी-एमएस/एमएस, म्हणजे एचपीएलसीसारख्या यंत्राला जोडलेलं मास स्पेक, घ्या. तासगावच्या द्राक्षबागायतदारांचे युरोपसाठीचे रेसिड्यू (उरलेल्या कीटकनाशकांचे) रिपोर्ट याच यंत्रावर निघतात आणि तिथे ०.०१ पीपीएमपर्यंतचे आकडे रोजचे आहेत. मात्र द्राक्षाची लॅब म्हणजे हेम्पची लॅब नव्हे. टीएचसीचं प्रमाणित स्टँडर्ड त्यांच्याकडे आहे का, आणि एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) स्कोपमध्ये, म्हणजे मान्य चाचण्यांच्या यादीत, हेम्पचं पेय आहे का, हे लेखी विचारा. रिपोर्टवर नुसतं ‘आढळलं नाही’ लिहिलेलं असेल तर परत पाठवा. मोजण्याची खालची मर्यादा १ पीपीएम असेल, तर ‘आढळलं नाही’ म्हणजे पेयात ०.९ सुद्धा असू शकतं. ती मर्यादा ०.०५ च्या आत हवी. रिकव्हरी (मिसळलेल्यापैकी किती टक्के परत मोजलं गेलं ते) तुमच्याच पेयात स्टँडर्ड मिसळून काढलेली हवी, पाण्यात नव्हे. ८० ते १२० टक्के ठीक. दुधाची चरबी टीएचसी धरून ठेवते आणि आकडा खोटा कमी दाखवते, तो इथेच उघडा पडतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते बियांच्या रिपोर्टवर. बियांना मर्यादा किलोला ५ मिलीग्रॅम. व्यापाऱ्याचा कागद ४.८ दाखवतो, पास. पेयात बी ८ टक्के घातलं, तर ४.८ × ०.०८ = ०.३८. कच्चा माल पास, तयार माल नापास. ८ टक्क्यांना बी २.५ च्या आत लागतं, ५ टक्क्यांना ४ च्या आत. गाळल्यावर थोडं चोथ्यात राहील, पण त्याच्या भरवशावर राहू नका; टीएचसी चरबीबरोबर दुधातच उतरतं. मुळात बियांच्या आत ते जवळपास नसतं, फुलोऱ्याची राळ टरफलाला चिकटून येते. त्यामुळे आकडा जास्त आला तर रेसिपी सोडा, आधी बी चाळून, स्वच्छ करून, सोललेलं घेऊन बघा.

नमुना कसा देता यावरही बरंच ठरतं. पेय ठेवलं की चरबी वर येते आणि वरच्या थरात आकडा चढतो. म्हणून बॅचच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन बाटल्या द्या आणि लॅबला आधी हलवून, पिपेटने न मोजता वजनाने घ्यायला सांगा. नायलॉनचा फिल्टर टीएचसी ओढून घेऊ शकतो, पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) सुरक्षित. प्लास्टिकच्या बाटलीत पाठवू नका, कॅनच्या आतल्या अस्तरासारखंच तेही टीएचसी शोषतं. काचेची बाटली फॉइलमध्ये गुंडाळून बर्फाच्या पेटीत द्या. त्याच बॅचच्या दोन सीलबंद बाटल्या फ्रीजमध्ये राखून ठेवा. निकालावर वाद झाला तर फेरतपासणी त्यांच्यावरच होईल.