नसलेल्या लायनरचं बिल

कळंबोलीहून स्टीलची कॉइल भरून गाडी नाशिकला निघाली होती. टाटाचा जुना 4018, कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. कसारा घाटात रेडिएटरचा खालचा होज फुटला. ड्रायव्हरचं लक्ष जाईपर्यंत काटा लाल रेषेला टेकला होता. त्याने इंजिन बंद करून मला फोन केला. ऑइलची पट्टी काढून फोटो पाठवायला सांगितलं. ऑइल काळंच होतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नव्हतं.

क्रेनने ओढून गाडी घाटावरच्या एका गॅरेजात गेली. दोन तासांनी तिथून व्हिडिओ आला: पट्टीवर दुधाच्या चहासारखं ऑइल. "शेट, हेड गेलं, लायनर गेले. हाफ इंजिन करावं लागेल." हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, लायनर म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेली, बदलता येणारी नळी; हाफ इंजिन म्हणजे हेड उघडून पिस्टन, लायनर नवे टाकणं.

आता विचार करतो तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो. रेडिएटर रिकामा होता, मग ऑइलात मिसळायला पाणी आलं कुठून? शिवाय बंद इंजिनात पाणी शिरलं तर ते खालच्या ऑइल चेंबरच्या तळाशी बसतं, ड्रेन बोल्ट ढिला केला की आधी पाणीच येतं. असा चहा व्हायला इंजिन फिरावं लागतं. पण पार्टी मालासाठी दर तासाला फोन करत होती. मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी बिल 1,38,000 रुपये. सहा लायनर, सहा पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील), मजुरी. जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला."

तीन आठवड्यांत पाणी पुन्हा कमी होऊ लागलं. नाशिकच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली. बुडबुडेच बुडबुडे, म्हणजे सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत होता. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी आडवी धरली, तर मधोमध फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात शिरलं. हेड वाकलेलं, आणि फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट, न करताच वर नवं गॅस्केट ठेवलेलं.

मग त्यांनी बिल वाचलं. "मालक, या इंजिनाला लायनर असतात कुठे? पिस्टन ज्यात वरखाली होतो तो बोअर थेट ब्लॉकमध्येच कापलेला असतो. फारच झिजला तर आत नळी, म्हणजे स्लीव्ह मारतात, पण त्यासाठी ब्लॉक उतरवून मशीनवर न्यावा लागतो." आमचं इंजिन चासीवरून हललंसुद्धा नव्हतं, ड्रायव्हर तीन दिवस केबिनमध्येच झोपला होता.

हेडची प्रेशर टेस्ट, फेसिंग आणि नवं गॅस्केट, एवढ्यात काम झालं. पिस्टन जुनेच आहेत, त्यांवरच गाडी अजून घाट चढते.